घरी पुरुष माणूस आहे का?

नवे फौजदारी कायदे आले तेव्हा आमच्या गावाला सगळ्यात मोठी काळजी पडली ती चारशेवीस नंबरची. पानठेल्यावर बसणाऱ्या एका गृहस्थांना अख्खं गाव वर्षानुवर्षं याच नावाने हाक मारत आलंय आणि तेही मान वर करून ओ देतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहात ठाण्यातून आलेल्या पोलीस बाईंनी सांगितलं की फसवणुकीचं कलम आता तीनशे अठरा झालं. नव्या न्याय संहितेत कलमं साडेतीनशेच्या थोडी पुढे जाऊन संपतात, म्हणजे चारशेवीस नंबर उरलाच नाही. सगळ्यांच्या माना त्या गृहस्थांकडे वळल्या. "म्हंजे मी सुटलो," ते शांतपणे म्हणाले, आणि सभा बराच वेळ हातची गेली.

धानाच्या लावणीचे, रोवणीचे दिवस होते. बायका बांध्यांमध्ये चिखलात उभ्या, त्यामुळे सभेला बहुतेक पुरुषच. मी होते कारण मी गावची पोस्टमास्तर. शाखा डाकघर आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि कुठलाही सरकारी कार्यक्रम असला की एक खुर्ची माझ्यासाठी ठेवतात. त्यात मान किती आणि खुर्ची भरण्याची सोय किती, हे मी कधी विचारलं नाही.

पोलीस बाई भराभर वाचत होत्या. खुनाचं तीनशे दोन आता एकशे तीन. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येईल. लोक जांभया देत होते. मग समन्सचं वाक्य आलं: ज्याच्या नावाचं समन्स आहे तो सापडला नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या कोणाही प्रौढ व्यक्तीकडे ते देता येईल. बाई पुढच्या वाक्यावर गेल्यासुद्धा. मी हात वर केला.

"प्रौढ पुरुष म्हणायचं आहे का तुम्हाला?"

"नाही. पुरुष शब्द काढला आता. बाई असली तरी चालेल."

"कधीपासून?"

"याच महिन्यापासून. का हो, मॅडम?"

मी काही नाही म्हणून खाली बसले. खरं तर खूप काही होतं. मला एकदम हलकं वाटलं आणि पाठोपाठ राग आला. इंग्रजांच्या वेळेपासून तो एक शब्द तिथे बसून होता. कोणाच्या बापाचं काय जात होतं, आधीच काढला असता तर? आमच्या घरातली एक मंडई तरी वाचली असती.

मंडई वाचली असती म्हणजे काय, हे सांगायला मागे जावं लागेल.

माझा नवरा ट्रकवर ड्रायव्हर आहे. लिहिताना मी त्याला तो म्हणते, तोंडावर अहोच. तुमसरकडच्या मिलांमधला तांदूळ घेऊन तो बाहेरच्या राज्यांत जातो आणि महिन्यातले मोजके दिवस घरी असतो. त्याची एक खोड आहे. रस्त्यावर कोणी पडलेला दिसला की ट्रक उभा करायचा. मालक ओरडो, मागचे हॉर्न वाजवोत. अशाच एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला कारने उडवलेलं त्याने पाहिलं, म्हाताऱ्याला केबिनमध्ये घालून दवाखान्यात नेलं, ठाण्यात बयाण दिलं, घरी येऊन जेवला आणि विसरून गेला.

कोर्ट विसरलं नव्हतं. धान कापणीला आलं होतं त्या दिवसांत एके दुपारी हवालदार आमच्या दारात मोटारसायकल लावून आला. मी टेबलाशी बसले होते. समोर तारखेचा शिक्का, वजनाचा काटा, बाकावर दोन म्हाताऱ्या.

"ट्रकवाले भाऊ आहेत काय घरी?"

"मालावर गेले. काय आहे?"

"साक्षीचं समन्स आहे. घरी पुरुष मानूस कोन आहे?"

"मले द्या ना."

"तुमाले नाई चालत, बाई. कायद्यात पुरुष लिहून आहे."

याच माणसाने काही दिवसांपूर्वी याच टेबलावर वाकून माझ्याकडून रजिस्टर पत्र घेतलं होतं आणि मी दाखवलं तिथे सही केली होती. मी म्हटलं, "हवालदारसाहेब, सरकारच्या टपालाले बाई चालते, अन् सरकारच्या समन्साले नाई?"

"आता मी काय करू? देता आलं असतं तर तुमच्या हाती देऊन मोकळा झालो असतो. कोनी पुरुष नसन तर दारावर चिपकवा लागते." तो खोटं बोलत नव्हता. थकलेला होता आणि त्याला अजून दोन गावं करायची होती. मला त्याच्यावर रागावताही येईना, याचाच जास्त राग आला.

तेवढ्यात अंगणातून सासरे आले. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. जवाहरनगरच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात नोकरी करून ते निवृत्त झाले. कारखान्याच्या बसने जन्मभर गेले-आले, गेटवर पास दाखवला, त्यामुळे सरकारी कागद म्हटला की त्यांची एक रीत होती. आधी आत जायचं, शर्ट घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायची आणि मग कागदाला हात लावायचा. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. सही सावकाश केली. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या सहीवाचून कोणाचं काही अडत नव्हतं. त्या दिवशी सरकारचं अडलं होतं. ते फार देखणे दिसले, हे मला कबूल केलंच पाहिजे.

हवालदाराने तारीख वाचून दाखवली. मामाजींनी मनात हिशेब केला. "म्हंजे मंडईचा दुसरा दिवस."

"हो बाबा, तसंच धरा," हवालदार म्हणाला आणि गेला.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, घरोघरी पाहुणे, रात्री नाटक. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, जुनी भांडणं मिटतात आणि नवी लागतात. आमची माणसं वर्ष मोजतात ते मंडईच्या आधी आणि मंडईच्या नंतर. मामाजींच्या डोक्यात कॅलेंडर नव्हतंच, मंडई होती. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही, कारण मीही त्याच गावात नांदते.

संध्याकाळी मी कागद मागितला. मामाजींनी तो ढोलीत टाकला होता. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी, शेणामातीने लिंपलेली. आमच्याकडे घरातली जपायची वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ढोलीच्या तळाशी ठेवतात, म्हणजे उदई, वाळवी लागत नाही. पुढे मळणी झाली, धान चुरून घरी आलं आणि ढोली भरली. मी म्हटलं, तारीख एकदा बघून घेऊ.

"कायले धान उपसतं, पोरी? तारीख पाठ आहे ना मले. मंडईचा दुसरा दिवस."

तोवर मामाजी काही म्हणजे काही विसरत नसत. मी नवऱ्याला फोनवर तेच सांगितलं. त्याने मालकाकडून मंडईची सुट्टी एक दिवस वाढवून घेतली.

आणि मग मंडई सरकली. नाटकवाली मंडळी दुसऱ्या गावात अडकली होती, त्यांच्याशिवाय मंडई कसली, म्हणून पंचांनी ती पुढच्या आठवड्यात ढकलली. गावभर बातमी झाली. लेकीबाळींना फोन गेले. नवऱ्यालाही मीच कळवलं. कोर्टाला मात्र कोणी कळवलं नाही, आणि कोर्टाची तारीख होती तिथेच राहिली. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की मंडईबरोबर तारीख सरकत नसते.

मंडईच्या दिवशी घर भरलेलं. नणंदा, जावई, पोरंटोरं. नवरा आदल्या दिवशीच आला होता आणि उद्या कोर्टात जायचं म्हणून शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. पंगत बसली होती. तोच हवालदार आणखी एका शिपायाला घेऊन आला. दारातच थबकला, चपला बघून त्याला कळलं की आज काय आहे. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, तारखेवर आले नाई तुमी. वॉरंट आहे. चला, जामीन होऊन जाईन."

नवऱ्याने भरल्या ताटावरून उठून हात धुतला. सगळ्या रस्त्याने मंडईचा बाजार लागलेला, चार गावचे सोयरे फुगे आणि जिलेबी घेत उभे, आणि त्यांच्यामधून माझा नवरा पोलिसाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेला. माणूस असा सगळ्यांना दिसायला यापेक्षा चांगला दिवस शोधून सापडला नसता. दुपारनंतर जामिनावर तो परत आला. पुढे कोर्टाने ऐकून घेतलं, वॉरंट रद्द केलं, साक्षही झाली. कायद्याच्या बाजूने बघाल तर काहीच झालं नाही.

घरात झालं. नवरा त्या दिवशी एवढंच म्हणाला, "आता कोनी रस्त्यावर मरून पडला तरी मी थांबून नाई राहत." हे त्याने बापासमोर म्हटलं. मामाजींना कोणी एक शब्द बोललं नाही, पण त्यांनी ऐकलं. गावात नाटक सुरू झालं, ते गेले नाहीत. ढोलीला टेकून बसून राहिले. त्यानंतर खाकी कपडे दारात दिसले की मामाजी मागच्या दाराने निघत आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसत. हवालदार पोस्टाची तिकिटं घ्यायला आला असला तरी. मी नवऱ्याला म्हणायचे, बाबांचा अपमान झाला म्हणून रुसले.

मग वर्षं गेली. मामाजी म्हातारे झाले. जेवून उठले की विचारायचे, पोरी, जेवलो काय मी? पुढे ते सभागृहातलं वाचन झालं, नवे कायदे लागू झाले आणि पाऊस संपता संपता आमच्या गावच्या वळणावर रेतीच्या एका टिप्परने शाळेतून येणाऱ्या एका मुलीच्या सायकलला धडक दिली.

नवरा त्या दिवशी गावात होता. मोटारसायकलवर होता, मागूनच येत होता. आणि तो थांबला. मुलीला उचललं, ओढणीने पाय बांधला, गाडी थांबवून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, टिप्पर उलट्या बाजूने आला हे ठाण्यात सांगितलं. घरी आला तेव्हा स्वतःवरच चिडलेला होता. "नाई थांबायचं म्हनलं होतं ना?" मी विचारलं. "थांबलो नसतो तर जेवन गेलं असतं काय?" तो माझ्यावर खेकसला. मला त्या खेकसण्याने इतकं बरं वाटलं, की मी त्याला आणखी एक भाकर वाढली.

मुलगी वाचली. पायात सळई घातली. तिची आई आमच्याकडे आली आणि दारातच उभी राहिली. वळणावर त्या वेळी आणखीही माणसं होती. पण टिप्परवाल्यांशी वैर कोण घेणार? सगळ्यांचं लक्ष नेमकं दुसरीकडे होतं. "भाऊ कोर्टात येतीन ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, येतील. ती गेल्यावर नवरा म्हणाला, "मी येईन वो. पन समन्स येईन तेव्हा मी कुठं राहीन, कोनाले मालूम? अन् घरी पुरुष मानूस कोन, तं बाबा."

भीती हीच होती. तारीख पुन्हा चुकली तर नवरा पुन्हा त्या मोटारसायकलवर बसणार, आणि त्या पोरीच्या बाजूने बोलणारा एकुलता एक माणूस आरोपीसारखा कोर्टात उभा राहणार. पुन्हा कधी तो थांबणार नाही, हे मला नक्की माहीत होतं. मी त्याला सभागृहातलं वाक्य सांगितलं. बाई चालते आता.

"तुले मालूम आहे. हवालदाराले मालूम आहे काय?"

कायदा दिल्लीत बदलतो. आमच्या दारापर्यंत यायला त्याला हवालदाराची मोटारसायकल लागते.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती मोटारसायकल आली. नवरा मालावर होता. तोच हवालदार, आता मिशी पांढरी, निवृत्तीला आलेला. पिशवीतून कागद काढत त्याने विचारलं, "भाऊ नाईत काय? मंग घरी पुरुष मानूस कोन आहे?"

इतके महिने घोकलेलं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. आणि आतून पावलं वाजली. मला वाटलं मामाजी मागच्या दाराने निघाले. ते पुढे आले. शर्ट घातला होता, बटणं गळ्यापर्यंत लावली होती, पण एक घर चुकून, त्यामुळे कॉलर एका बाजूला वर गेली होती. दर पावलाला ते मागच्या दाराकडे वळून बघत होते. ते येऊन टेबलाशी उभे राहिले आणि सही करायला हात पुढे केला. त्यांना रुसवा कधी नव्हताच, भीती होती, हे मला त्या वळून बघण्यावरून कळलं. आणि तरी ते आले होते, कारण पुरुष माणूस तेच होते, आणि ते आले नाहीत तर कागद दारावर चिकटणार होता.

"मामाजी, तुमी बसा," मी म्हटलं. "हवालदारसाहेब, समन्स मले द्या. कायद्यातून पुरुष काढला आता."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मग मान खाजवली. "हो बाई. ट्रेनिंगमधी सांगतलं होतं खरं. तोंडाची सवय नाई जात." त्याने कागद माझ्यासमोर ठेवला.

एवढंच. वाद नाही, काही नाही. मी इतक्या तयारीत बसले होते की क्षणभर रिकामंच वाटलं. मी सही केली. हात सवयीने तारखेच्या शिक्क्याकडे गेला, तो मागे घेतला. हवालदार हसला.

मामाजी अजून उभेच होते. "खरं काय?" त्यांनी त्याला विचारलं. "बाईले देता येते?"

"येते, बाबा. नवीन कायदा आहे."

मामाजींनी कॉलर चाचपली. "मंग मी कायले शर्ट घातला?" असं म्हणून ते बाकावर बसले आणि एकेक बटण काढू लागले.

हवालदार गेल्यावर मी तारीख स्वतः वाचली. कॅलेंडरवर गोल केला. नवऱ्याला फोन करून तारीख सांगितली, महिना सांगितला, वार सांगितला आणि तीनही त्याच्याकडून परत म्हणवून घेतले. "मंडईच्या कितव्या दिवशी येते?" त्याने विचारलं. चिडवत होता. इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर तो पहिल्यांदा हसला होता.

तारखेच्या आदल्या दिवशीच तो घरी आला, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात गेला आणि उभा राहून जे पाहिलं ते बोलला. टिप्परवाल्याच्या वकिलाने उलटसुलट विचारलं, पण तो हलला नाही. मुलगी आईबरोबर बाहेर बाकावर बसली होती. निकाल अजून यायचा आहे. तो माझ्या हातात नाही. तारीख होती, ती पोचली.

संध्याकाळी नवरा अंगणात पाय धूत होता. मामाजी बाजेवरून त्याच्याकडे बघत होते, इस्त्रीच्या शर्टाकडे बघत होते. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, कोर्टाची तारीख होती ना? कधी होती? मी तं भुललोच."

"आजच होती, मामाजी. झाली साक्ष. हे जाऊन आले."

"मी नाई सांगतलं त्याले."

"मी सांगतलं ना. मी होती ना ध्यानात ठेवाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ढोलीकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. "म्हंजे," ते हळूच म्हणाले, "मी भुललो तरी चालते."

"चालते," मी म्हटलं.

त्यांनी पाय वर घेतले आणि बाजेवर आडवे झाले. भात शिजेपर्यंत त्यांना झोप लागली होती.